अडतिसाव्या थरावरची पायरी

टेबलावरचा डोंगर दोन मिलिमीटरांनी उंच भरला आणि चूक तो रचणाऱ्याच्याच हातची होती, ही गोष्ट मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास उघडकीस आली. आर्किटेक्ट बाईंनी पोलादी पट्टी शिखराला लावून उभी धरली, एक डोळा मिटला, पट्टी काढून बाहीला पुसली आणि पुन्हा लावली. "काका, हे एकशे अठ्ठावीस येतंय," त्या म्हणाल्या. "एकशे सव्वीस," तो सवयीने म्हणाला. हातातल्या गोंदाच्या ब्रशवरून त्याने नजरही उचलली नाही. "असायला हवं एकशे सव्वीस. आहे एकशे अठ्ठावीस. या, तुम्हीच बघा." तेव्हा मात्र तो उठला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला हिरव्या स्पंजची झाडे कातरीत बसलेली झाडवालीही उठली. कारण नमुने बनवण्याच्या या कार्यशाळेत गेली एकोणतीस वर्षे सारे त्याला मिलिमीटर म्हणत आले होते, आणि मिलिमीटरचेच मिलिमीटर चुकणे म्हणजे सूर्याने रजेचा अर्ज देण्यासारखे होते. हे नाव प्रथम कोणाच्या तोंडून आले ते आता कोणालाच सांगता येत नसे. लग्नपत्रिकेवर तेवढे ते छापले गेले नव्हते. एरवी बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने बोलत असे. त्याने वाकून पाहिले. एकशे अठ्ठावीस. "पट्टी बदलली का?" त्याने विचारले. "पट्टी तीच आहे, डोंगर वाढीला लागलाय," झाडवाली म्हणाली. "आता तुम्हाला सेंटिमीटर म्हणायला हवं." बाई हसल्या. त्याला हसू आले नाही. पायरी संपली असे समजून पाऊल टाकावे आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसे त्याला झाले होते.

तो नमुना होता एका डोंगरावर होऊ घातलेल्या वसाहतीचा. खऱ्या जमिनीवरचा एक मीटर चढ म्हणजे नमुन्यात दोन मिलिमीटर जाडीचा एक पुठ्ठा. असे त्रेसष्ट पुठ्ठे, प्रत्येकाची कड नकाशातल्या समान उंचीच्या रेषेप्रमाणे कापलेली, एकावर एक चढवीत गेले की टेबलावर डोंगर उभा राहतो. इतर ठिकाणी हे काम आता यंत्र करते. परंतु यंत्राच्या किरणाने पुठ्ठ्याची कड करपते, आणि बाईंना करपलेला डोंगर नको होता. "हा डोंगर एकदा जळलेला आहे काका, आपण पुन्हा नको जाळायला," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यासाठी त्याने त्रेसष्टच्या त्रेसष्ट पुठ्ठे हाताने, पात्याने, सव्वीस दिवस बसून कापले. आपण त्याच डोंगरावर जन्मलो, हे त्याने बाईंना एकदा सांगितले होते खरे, पण ओशाळत, जणू काही आपण वशिला लावतो आहोत. कोळशासाठी वरचे रान तोडले गेले, उरलेले एका उन्हाळ्यात जळाले, मग पाणी गेले, आणि पाण्यामागून माणसे. चाळीस घरांची अकरा घरे झाली. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता, आणि ह्या दोन अकरांचा परस्परांशी काही संबंध असावा असे त्याला लहानपणी बराच काळ वाटत असे.

आता त्या डोंगरावर माणसे परत न्यायची होती. अशा योजना त्याने आयुष्यात पुष्कळ टेबलावर उभ्या केल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांविषयी त्याचे मत असे, की त्या पुठ्ठ्यातच शोभतात. परंतु ही योजना तशी नव्हती. हिच्यात शंभरातले साठ भाग जमीन रानाला परत दिलेली होती. घरे चढ कापून बसवायची नव्हती, चढाच्या कलाने, माणूस डोंगरावर जसा पाय आडवा टाकून उभा राहतो तशी, बसवायची होती. गाड्या पायथ्याशी थांबणार. एक दवाखाना, एक पाळणाघर, आणि वीस मुले जमली की बंद पडलेली शाळा पुन्हा उघडणार. वापरलेले पाणी गाळून झाडांना जाणार, आणि वरच्या उतारावर आडवे चर खणून पावसाचा थेंब न् थेंब डोंगराच्या पोटात मुरवला जाणार. अहवालात पाण्याच्या जाणकाराचे एक वाक्य होते: 'सात-आठ वर्षांत खालचे आटलेले झरे पुन्हा वाहू लागण्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे वाक्य त्याने इतक्या वेळा वाचले होते, की ते त्याला स्वतःला आलेल्या पत्रासारखे वाटू लागले होते. 'शक्यता नाकारता येत नाही.' केवढी सभ्य, केवढी संकोची आशा! जुन्या रहिवाशांना घर निवडण्याचा पहिला मान होता, आणि निवडीच्या दिवशी त्याने नकाशावर बोट ठेवले होते ते सतरा नंबरवर. पूर्वेकडच्या सहा घरांच्या झुबक्यातले ते पहिले. त्या झुबक्यातली बाकीची पाच बाहेरून येणाऱ्यांसाठी होती, त्यांची सोडत अजून निघायची होती. "दुसरं मोठं मिळत असताना हे का?" असे समितीतल्या माणसाने विचारले, तेव्हा तो म्हणाला होता, "सकाळचं ऊन येतं." ते खोटे नव्हते. तथापि ते पूर्ण खरेही नव्हते.

तो थर मोजू लागला. पुठ्ठ्यांच्या कडांवरून नखाचे टोक खालून वर नेत, ओठ हलवीत, जपमाळ ओढल्यासारखा. अडतीसपर्यंत सर्व यथास्थित होते. एकोणचाळिसाव्याच्या जागी नख अडखळले. तिथे एक पुठ्ठा असा होता, की त्याची कड सबंध डोंगराभोवती वरच्या थराला चिकटून धावत होती, आणि पूर्वेच्या अंगाला तेवढी ती बाहेर आली होती, अर्धचंद्रासारखी, खालचा ओठ पुढे काढून रुसलेल्या मुलासारखी. त्याने पाते घालून गोंद उकलला, वरचा सारा डोंगर टोपीसारखा अलगद उचलून बाजूला ठेवला आणि तो पुठ्ठा काढून उलटा केला. प्रत्येक थराच्या पाठीवर तो शिसपेन्सिलीने आकडा घालीत असे. याच्या पाठीवर आकडा नव्हता. मधोमध थर जुळवून धरणाऱ्या सळयांची दोन भोके मात्र होती, नेमक्या जागी, नेमक्या मापाची. म्हणजे हा पुठ्ठा चुकून आलेला नव्हता. त्यानेच तो कापला होता, भोके पाडली होती, गोंद लावून चढवला होता, आणि ह्यांपैकी एकही गोष्ट त्याला आठवत नव्हती. नकाशात अशी रेषाच नव्हती. ज्या रेषेवरून त्याचे पाते फिरले, ती रेषा कागदावर कधी नव्हतीच. "निघाला ना चोर?" बाई म्हणाल्या. "टाका काढून. गुरुवारी पायथ्याच्या शाळेत सभा आहे, लोकांसमोर मांडायचंय. होईल ना उद्यापर्यंत?" "होईल," तो म्हणाला. आणि तो पुठ्ठा त्याने कचऱ्याच्या पेटीत टाकला नाही, दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून पिशवीत ठेवला, हे झाडवालीने पाहिले; पण ती त्या वेळी तोंडात टाचण्या धरून बसली होती म्हणून बोलली नाही.

अर्धचंद्र त्याने ओळखला होता. पहिल्याच नजरेला. डोंगरावरची माणसे त्या जागेला नुसती 'पायरी' म्हणत. एवढ्या मोठ्या उतारावर ती एकच सपाटी होती, दोन खाटा मावतील एवढी, आणि तिच्या मागच्या कातळातून झरा येत असे. येत असे म्हणजे वाहत नसे. कातळाला घाम फुटावा तसा तो फुटे, एका बोटाच्या खाचेत जमे, आणि तिथून एका सुरात खाली पडे. घागर भरायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात पाढे म्हणून होत, बाराचे, तेराचे. सतराच्या पाढ्याला घागर भरून वाहू लागे. सतरा नंबरचे घर निवडताना हे त्याच्या मनात होते की नव्हते, हे आता त्याला शपथेवर सांगता आले नसते. त्याची थोरली बहीण घागर खाली धरून उभी राही आणि तो पायरीच्या कडेला पाय सोडून बसे. दगडाचा गारवा मांड्यांना लागे. खाली दरीत ढग असत, आणि त्या ढगांवर आपण सहज पाय ठेवू शकू असे त्याला वाटे. "अरे धाकट्या, पडशील," अक्का म्हणे. "पडलो तर ढगात पडेन," तो म्हणे. "ढगात पडून ओला होशील, मग आई मलाच मारील." असे ते सकाळचे संभाषण होते, त्यात कधी फरक पडला नाही. मग तो एका वर्षी पडला, ढगात नव्हे, शहरात. काचेच्या चौकटी बनवणाऱ्या मामाच्या दुकानात, आणि अक्का तिथेच, त्याच डोंगरावर, वरच्या आळीत लग्न होऊन राहिली. नकाशा आकाशातून उडत्या कॅमेऱ्याने काढलेला होता. कॅमेऱ्याला झुडपांचे माथे दिसतात. झुडपाखाली डोंगराने कुठे पाय दुमडून घेतला आहे ते त्याला काय दिसणार? आणि कोरड्या झऱ्याची नकाशात खूण करण्याचा प्रघात नाही. म्हणजे पायरी खरी असेल, तर वसाहतीच्या आराखड्यात तिच्यावर आणि तिच्या भोवती सहा घरांचा पाया येत होता. आणि झऱ्याच्या तोंडावर, अगदी नेमके तोंडावर, सतरा नंबरचे घर येत होते. डोंगराच्या पोटात मुरवलेले पाणी सात-आठ वर्षांनी ज्या वाटेने बाहेर यायचे, ती वाट त्याच्या स्वयंपाकघराच्या काँक्रीटखाली बुजणार होती. त्याने झऱ्याजवळचे घर मागितले होते. देवाने ऐकले ते जरा अधिकच जवळून ऐकले.

घरी आल्यावर बायकोने पिशवीतले भेंडोळे पाहिले. तिने खिडकीत रिकाम्या डब्यांमधून अकरा रोपे लावली होती. दोन वर्षांपूर्वी डोंगराचे नाव काढले की ती म्हणे, "मी जन्मात जिना सोडून काही चढलेली नाही, मला कुठं नेता त्या टेकाडावर!" पुढे एकदा, नुसते बघायला म्हणून, ती त्याच्याबरोबर वर गेली, अक्काच्या अंगणात दुपारभर झोपली, आणि उठल्यावर म्हणाली, "इथं कुणी दार आपटत नाही." त्यानंतर डबे साठू लागले. सतरा नंबरच्या मागच्या बाजूला कुठले रोप कुठे लावायचे, याचा कागद तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. "हे काय आणलंत? परत दिलेला डोंगर?" तिने विचारले. "थर आहे एक. जास्तीचा." "तुमच्या हातून जास्तीचा?" ती हात पुसत बाहेर आली. "बरं वाटत नाहीये का?" त्याने पुठ्ठा टेबलावर पसरला. मध्ये दोन भोके असलेली ती विचित्र आकृती दिव्याखाली एखाद्या अनोळखी तळ्यासारखी दिसत होती. बायको तिच्याकडे पाहत राहिली. "हे बाहेर आलंय ते काय?" तो उत्तर देणार होता. सबंध उत्तर त्याच्या ओठांवर रचून तयार होते, कर्ता, कर्म, क्रियापद. परंतु त्याच क्षणी तिने खिडकीतला एक डबा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "ह्याला कळी धरतेय, बघितलंत?" आणि तो म्हणाला, "काही नाही. पात्याची चूक." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिच्याशी तो फार थोडे खोटे बोलला होता, आणि जे बोलला ते बहुधा भाजीच्या चवीविषयी.

बुधवारी दुपारी, झाडवाली जेवायला गेलेली असताना, त्याने अक्काला फोन लावला. पलीकडे वारा होता. वाऱ्यातूनच ती बोलली. "अरे, आज कशी आठवण झाली? उद्या येतोयस ना खाली शाळेत? मी येणार आहे तुझा डोंगर बघायला. इथला बघून बघून कंटाळा आला." "अक्का, पायरी आहे का गं अजून?" "आहे की. जाईल कुठं? झुडपात बुडालीय. डोळ्याला दिसत नाही, पाय ठेवला की कळते." "कोरडी?" "वरून कोरडीच. पण ऐन उन्हाळ्यात शेळी तिथं जाऊन बसते. शेळीला काय उगाच वेड लागलंय? कातळाला हात लावला तर गार लागतो. शेवाळ असतं हिरवं, एवढंसं." मग ती म्हणाली, "तुझं घर तिथंच जवळ येणार म्हणे. बरं झालं. मी वरून हाक मारली तर तू खालून ओ देशील. तेवढ्यासाठी थांबलेय बघ." फोन ठेवल्यावर त्याने शिखराची टोपी पुन्हा अडतिसाव्या थरावर बसवली, गोंद लावला, वजन ठेवले आणि पट्टी उभी केली. एकशे सव्वीस. काम बिनचूक झाले होते. आयुष्यात प्रथमच त्याला बिनचूक कामाची शिसारी आली. पूर्वेच्या अंगाला उतार आता एकसारखा, गुळगुळीत, नकाशाबरहुकूम खाली उतरत होता, जणू तिथे कधी कोणी पाय सोडून बसलेच नव्हते. त्यावर त्याने लाकडाची सहा इवलीशी घरे मांडली. सतरा नंबर, सोळा मिलिमीटर लांब. चिमट्यात धरून त्याने ते चिकटवले आणि गोंद धरेपर्यंत, म्हणजे साठ आकडे, ते बोटाने दाबून ठेवले. ह्या साठ आकड्यांत माणूस एखादा निर्णय सहज घेऊ शकला असता. त्याने नुसते आकडे मोजले. त्याचे वय अठ्ठावन्न होते. इतकी वर्षे ज्या घराची ओढ बाळगली ते आता बोटाखाली होते, आणि झरा? झऱ्याची तर नुसती शक्यता नाकारता येत नव्हती.

गुरुवारी सकाळी टेम्पोच्या मागच्या भागात नमुन्याला मिठी मारून तो पायथ्यापर्यंत आला. प्रत्येक वळणावर डोंगर त्याच्या छातीवर कलत होता. त्याला हसू आले. जन्मभर आपण डोंगराच्या अंगावर चढत होतो, आता तो आपल्या अंगावर चढतो आहे. शाळेच्या खोलीत बाके भिंतीला लावली होती. माणसे येत गेली. काही वरच्या अकरा घरांतली, काही त्याच्यासारखी शहरात विखुरलेली, पांढरी झालेली, एकमेकांना ओळखायला वेळ लावणारी. अक्का आली ती सरळ टेबलाशी. तिने चष्मा पुसला. "अगंबाई! एवढा डोंगर आणि एवढ्याशा टेबलावर! आणि हे घर? ह्यात माझी एक चप्पल तरी मावेल का रे?" "पाचशेपट लहान आहे अक्का." "मग तूही पाचशेपट लहान होऊन राहा, म्हणजे झालं." लोक हसले. बाई बोलू लागल्या. चर, रान, शाळा, दवाखाना, सामाईक अंगण. त्या चांगले बोलत होत्या, कारण त्यांचा त्यावर विश्वास होता, आणि विश्वासाने बोलणाऱ्या माणसाचे हात जसे आपोआप हलतात तसे त्यांचे हलत होते. "पाणी परत येईल?" मागून एक म्हातारा म्हणाला. "लगेच नाही आजोबा. पण डोंगराला आपण प्यायला दिलं, तर तो आपल्याला देईल." खोलीत एक शांतता पसरली. ही शांतता त्याला ठाऊक होती. घागर भरत असताना अशीच शांतता असे. त्या साऱ्या चेहऱ्यांवर एकच तहान होती, आणि ती पाण्याची तहान नव्हती.

अक्काचे बोट मात्र पूर्वेच्या उतारावरून खाली-वर फिरत होते. सावकाश, शोधत. ते सतरा नंबरपाशी थांबले. घराच्या बाजूने गेले, परत आले. तिने भावाकडे पाहिले. त्याने पिशवीकडे पाहिले. पिशवीत वर्तमानपत्राचे ते भेंडोळे अजून होते. ती सारे समजली, हे त्याला तिच्या मान हलवण्यावरून कळले. लहानपणी त्याने मडके फोडले की ती अशीच मान हलवीत असे आणि मग आईला सांगे, माझ्या हातून फुटलं. ती त्याच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "राहू दे. काही बोलू नकोस. एवढ्या वर्षांनी येतोयस. पाणी काय, आलं तर आलं, नाही तर नाही. त्यावाचून इतकी वर्षं काढलीच ना?" आणि तिने बोट उचलले. तिने ते उचलले नसते, तिने त्याला चार शब्द सुनावले असते, तर कदाचित तो गप्प बसला असता. वाद घालण्यासाठी म्हणून का होईना, सतरा नंबरचा कैवार घेतला असता. परंतु ती मडके पुन्हा आपल्या नावावर घेत होती. तो उठून उभा राहिला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच कोणा परक्याचा वाटला. "बाई, हा नमुना चुकलाय." खोली वळली. "मी काल दुरुस्त केला, तिथंच चुकला. इथं पायरी आहे. ह्या सहा घरांच्या खाली. तिच्यात झऱ्याचं तोंड आहे." त्याने भेंडोळे सोडले. पुठ्ठ्याचा अर्धचंद्र त्याने उतारावर धरला. वरच्या अकरा घरांतली दोन-तीन माणसे एकदम म्हणाली, "हो की! पायरी!" जणू कोणी मेलेले माणूस दारात उभे राहिले. अक्काने मात्र तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिले.

त्याच दुपारी बाई त्याच्याबरोबर वर चढल्या. अक्का पुढे, हातात कोयती घेऊन. झुडपे बाजूला सारीत तिने एका जागी पाय आपटला आणि म्हणाली, "ही घ्या." पाल्यापाचोळ्याखाली जमीन खरोखर आडवी झाली होती. बाईंनी सळई रोवली, फीत लावली, वहीत आकडे घेतले, पुन्हा घेतले. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी कातळाला तळहात लावला. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही. "काका," त्या म्हणाल्या, "उंची तुमची चुकली होती. ही पायरी अडतीस आणि एकोणचाळीसच्या मध्येच मावते, त्यासाठी डोंगर वाढवायची गरज नव्हती. पण जागा बरोबर आहे. अगदी मिलिमीटर." मग त्या हात झटकून उभ्या राहिल्या आणि जड आवाजात म्हणाल्या, "ही सहा घरं इथं होणार नाहीत. आणि दुसरीकडे बसवायला उतार नाही. बाकीच्या पाचांची सोडत व्हायची होती, ती रद्द होईल. जुन्या लोकांची बाकी सगळी घरं निवडून झालीत. सतरा नंबर कोणाचं आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?" "माहीत आहे," तो म्हणाला. "दुसरा टप्पा झाला तर तुमचं नाव सर्वांत वर लिहीन. पण दहा वर्षं तरी." "लिहा," तो म्हणाला. अठ्ठावन्न आणि दहा ही बेरीज तिथे कोणी मोठ्याने केली नाही. तो पायरीच्या कडेला पाय सोडून बसला. खाली ढग नव्हते. दरी स्वच्छ होती, तळापर्यंत. मांड्यांना गारवा लागला. मागून अक्का म्हणाली, "अरे धाकट्या, पडशील." पुढचे वाक्य त्याचे होते. ते त्याला आठवत होते, परंतु पडायला खाली ढगच नव्हते. तेव्हा तीच म्हणाली, "बस जरा. मी आहे उभी," आणि रिकाम्या हातांनी, जणू हातात घागर धरली आहे अशी, कातळापाशी उभी राहिली.

बायकोने सारे ऐकून घेतले. ती रागावली नाही, आणि त्यामुळे त्याला अधिकच अपराधी वाटले; ती रागावून 'मिलिमीटर' म्हणाली असती तर फार बरे झाले असते. ती खिडकीपाशी गेली आणि एकेका डब्यात पाणी घालू लागली. अकराव्या डब्यापाशी ती थांबली. "मग ह्यांचं काय करायचं?" "वर पाठवू. अक्का लावील पायरीच्या आजूबाजूला. तिथं रानच ठेवणार आहेत आता." "आपण नसताना?" "झाडाला थोडंच कळतं, समोर कोण आहे आणि कोण नाही?" "मला कळेल," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला निघाला, तेव्हा दारात दहा डबे दोरीने बांधून ठेवलेले होते, आणि कळी धरलेला अकरावा खिडकीतच होता. कपाटाच्या दाराला चिकटवलेला कागद तिने काढला नव्हता. 'सतरा' हा आकडा तेवढा खोडून तिथे काही न लिहिता मोकळी जागा ठेवली होती.

नवा नमुना करायला बाईंनी तीन आठवडे दिले. त्याने अडतिसावा थर नव्याने कापला. या वेळी रेषा नकाशात होती, बाईंनी स्वतः काढलेली, आणि तरीही त्याने कापताना एकदाही तिच्याकडे पाहिले नाही. शिखर एकशे सव्वीसच भरले. झाडवालीने पूर्वेचा उतार स्पंजच्या झाडांनी भरत आणला आणि विचारले, "इथं मध्ये टक्कल का ठेवलंय? लावू का एक?" "नको. तेवढं राहू दे." "काय येणार आहे तिथं?" "शक्यता नाकारता येत नाही," तो म्हणाला. "माणसासारखं बोला हो जरा," ती म्हणाली आणि जेवायला गेली. नमुन्यात पाणी दाखवायचे ते घट्ट वॉर्निशने, आणि जे प्रत्यक्षात नाही ते नमुन्यात दाखवायचे नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्याने एकोणतीस वर्षे पाळला होता आणि हाताखालच्यांकडून पाळून घेतला होता. त्याने वॉर्निशची बाटली उघडली. काडीच्या टोकावर एक थेंब घेतला, मसुरीच्या दाण्याएवढा, आणि पायरीच्या मागच्या बाजूला, कातळाच्या कडेशी, टेकवला. थेंब थरथरला आणि बसला. खिडकीतला उजेड त्यात आला. तेवढ्यात बाई आत आल्या. त्यांनी पट्टी उभी धरली, आकडा वाचला, मान डोलावली. मग त्यांचे लक्ष पूर्वेकडे गेले. त्या वाकल्या. "हे नकाशात नाही काका." "नाही," तो म्हणाला. बाईंनी पट्टी पिशवीत टाकली आणि पंखा बंद केला, धूळ उडून त्यावर बसू नये म्हणून, आणि आल्या तशा निघून गेल्या. वॉर्निश वाळायला सहा तास लागतात. तो स्टूल ओढून डोंगरापाशी बसला. मनातल्या मनात त्याने बाराचा पाढा सुरू केला, अगदी सावकाश, आणि बाराचा संपल्यावर तेराचा.